आधी तिला वाचून दाखव

अक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी हैदराबादेत, गच्चीबावलीतल्या एका मोठ्या कंपनीच्या स्वागतकक्षात मांडीवर फाइल घेऊन बसले होते. सकाळचे दहा वाजले होते. आमच्या केंद्रातली नसीम फोनवर म्हणाली, "मॅडम, अक्का गए... सुबू. नींद मेंच." मग ती रडायला लागली आणि मी नुसतं "हो, हो" म्हणत राहिले. तेवढ्यात साहेबांचं बोलावणं आलं. उठून सरळ जामबागेला, अक्कांच्या घरी जावं असं वाटलं. पण तसं केलं असतं तर अक्कांनीच मला फैलावर घेतलं असतं, कारण ही भेट मिळवायला मी तीन महिने फोन करत होते. मी आत गेले, केंद्राविषयी बोलायचं ते बोलले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि यंदा देणगी जमणार नाही म्हणाले. लिफ्टमध्ये मात्र मला रडू आवरलं नाही. बरोबरच्या दोन तरुणांना वाटलं असणार, मुलाखतीत नापास झाली बिचारी.

विमल पाथरकर म्हणजे आमच्या अक्का. मूळच्या बिदरकडच्या शेतकरी घरातल्या, जामबागेतल्या एका शाळेत आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या. मराठीत अक्का आणि तेलुगूतही अक्काच, त्यामुळे सगळ्यांचीच सोय झाली होती. दिलसुखनगरात एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर, कमी ऐकू येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवणारं आमचं छोटं केंद्र आहे. खाली मोठी मुलं परीक्षेची सूत्रं घोकतात, वर लहान मुलं 'प' आणि 'ब'साठी झगडतात. अक्का तिथे पगार न घेता दोन कामं करायच्या. केंद्रासाठी देणग्या मिळवायच्या, आणि हे काम कसं करायचं ते आम्हा कर्मचाऱ्यांना शिकवायच्या.

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी पुण्याहून हैदराबादला आले आणि सात वर्षांपूर्वी या केंद्रात रुजू झाले. पुण्यात एका कंपनीत जाहिरातींचं काम केलेलं, त्यामुळे या भल्या माणसांना जरा शिस्त लावावी, असा माझा उदात्त विचार होता. पहिल्याच दिवशी लॅपटॉप उघडून मी बावीस स्लाइड दाखवल्या. अक्कांनी सगळ्या पाहिल्या, चहा संपवला आणि विचारलं, "हे सगळं ठीक आहे. पण तू स्वतःच्या तोंडाने कधी कुणाकडे काही मागितलीस का?" मी आठवून पाहिलं. नव्हतं मागितलं. "मग उद्या बेगम बाजारला चल," त्या म्हणाल्या.

बेगम बाजारात आम्ही एका मिरची-मसाल्याच्या घाऊक व्यापाऱ्याकडे गेलो. मी तासभर शिंकत होते आणि अक्का त्यांच्याशी गप्पा मारत होत्या... त्यांचे गुडघे, मुलीचं सासर, चिंचेचा भाव. केंद्राचा एका शब्दानेही उल्लेख नाही. बाहेर आल्यावर मी फुटलेच. म्हटलं, "अक्का, आपण मागितलंच नाही!" त्या रिक्षाला हात करत, त्यांच्या बिदरकडच्या बोलीत म्हणाल्या, "चार वर्षं नाहीच म्हणूलालेत ते. मी आभार मानायला आले होते." नाही म्हटल्याचे आभार? "हौ. मागच्या वेळी दुकान सोडून आपलं ऐकून घेतलं ना? एवढं तरी कोण ऐकूलालंय आजकाल." त्या संध्याकाळी मी घरी नवऱ्याला सांगितलं की या बाईंबरोबर माझं जमणं अवघड आहे. पुढच्या वर्षी ते व्यापारी स्वतःहून दोन मजले चढून केंद्र बघायला आले, मुलांजवळ बसले आणि तेव्हापासून दरवर्षी मदत करतात. अक्कांनी त्याबद्दल मला कधी ऐकवलं नाही.

दर शनिवारी दुपारी अक्कांचा वर्ग असायचा. केंद्रात पगार घेणाऱ्या प्रत्येकाला, गाडी चालवणाऱ्या काकांनासुद्धा, आपण इथे काय करतो हे आपापल्या भाषेत चार वाक्यांत सांगता आलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. मग असायचा 'नकाराचा तास'. एकाने मागायचं, दुसऱ्याने नाही म्हणायचं आणि मागणाऱ्याने तोंड वाकडं न करता, आभार मानून उठायचं. ऐकायला सोपं वाटतं, करून बघा. मी या तासाला कायम नापास, कारण नकार आला की मी मुद्दे मांडायला लागायची. "तू मागूलाली नाहीस, भांडूलालीस," अक्का म्हणायच्या आणि सगळा वर्ग हसायचा. नसीम पहिल्या नंबरची. ती केंद्रात आली ती फोन घ्यायच्या कामावर. अक्कांनी तिच्या मागे लागून तिला अशा मुलांना शिकवण्याच्या संध्याकाळच्या अभ्यासक्रमाला घातलं, तिच्या परीक्षेच्या आधी शेजारी बसून तिच्याकडून उजळणी करून घेतली. आज लहान मुलांचा अख्खा वर्ग नसीम सांभाळते. मलाही देणग्या मिळू लागल्या होत्या. आता आपल्याला सगळं येतं, असं मला वाटायला लागलं आणि नेमकं तेव्हाच मी माती खाल्ली.

त्या वर्षी शहरातल्या एका मराठी मंडळाने गणपतीच्या स्मरणिकेत आम्हाला दोन पानं देऊ केली. अक्कांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, वाचायची बंदी होती. मजकूर मी एकटीनेच लिहिला. केंद्रात येणाऱ्या एका सहा वर्षांच्या मुलीवर लिहिला. तिला इथे स्वप्ना म्हणते आणि तिच्या आईला यादम्मा. यादम्मा चार घरची धुणीभांडी करून, दोन बस बदलून लेकीला रोज आणायची. स्वप्नाला कानाचं यंत्र लागून वर्ष होत आलं होतं आणि ती नुकती शब्द जोडायला लागली होती. नवरा पितो, पोरगी बोलत नाही म्हणून सासरच्यांनी दोघींना घराबाहेर काढलं होतं, एकदा तर ती जीव द्यायला निघाली होती... हे सगळं यादम्माने वर्गाबाहेरच्या बाकावर बसून मला सांगितलं होतं. मी ते जसंच्या तसं लिहिलं, दोघींच्या खऱ्या नावांनिशी, फोटोसकट.

तेलुगू किंवा इंग्रजी मजकुरासाठी आमचा नियम होता, पालकांना विचारून, सही घेऊनच छापायचं. तो नियम मला माहीत नव्हता असं नाही. पण मनात आलं, मराठीत तर आहे, हैदराबादेत मराठी वाचतंय कोण? आमच्याच घरातली मुलं वाचत नाहीत. दारात आपण भाजीवाल्यासमोर खुशाल मराठीत बोलतो ना, त्याला कळणार नाही म्हणून? तीच सवय मी छापील कागदाला लावली.

लेखाला अमाप प्रतिसाद आला. फोन येत होते, लोक रडून बोलत होते, वर्षभराच्या यंत्रांची सोय झाली. मी हवेत होते. आणि त्याच आठवड्यापासून स्वप्ना यायची बंद झाली. आधी वाटलं ताप असेल. दोन आठवडे झाले तेव्हा नसीम तिच्या घरी जाऊन आली आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. यादम्मा ज्यांच्याकडे भांडी घासायची, त्यातलं एक घर मराठी होतं. त्या घरच्या बाई मनाने फार चांगल्या. त्यांनी स्मरणिकेत फोटो ओळखला, यादम्माला हॉलमध्ये बसवलं आणि सगळ्या घरादारासमोर तो लेख तेलुगूत सांगत सांगत वाचून दाखवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वर तिला साडीही दिली. यादम्माने साडी तिथेच ठेवली, काम सोडलं, आणि आमच्याकडे यायचंही सोडलं. "वो बोलरी, मेरी बात मेरेकूच सुनाए, सबके सामने," नसीम म्हणाली. ती माझ्यावर चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं.

या वयात आणि या टप्प्यावर मुलीचा सराव थांबला तर आलेला शब्दही जातो, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मी अक्कांकडे गेले. त्या काळा चष्मा लावून पलंगावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "काय लिहिलीस ते वाच." मी वाचायला लागले. दुसऱ्या परिच्छेदाला मी कागद खाली ठेवला, पण त्यांनी थांबू दिलं नाही. शेवटपर्यंत वाचून घेतलं. मग म्हणाल्या, "सुंदर लिहिलीस. हे छापायच्या आधी तिला वाचून दाखवायला बसली असतीस, तर वाचता आलं असतं का तुला?" मी नाही म्हटलं. "मग छापायचं कशाला?" एवढंच बोलल्या. माफीचं पत्र नको, भेटवस्तू नको, स्वतः जा म्हणाल्या.

मी गेले. यादम्माने दार उघडलं, मला पाहिलं, "वद्दू, पोंडि" म्हणाली... नको, जा... आणि दार लावलं. माझं मोडकं तेलुगू ओठांतच राहिलं. अक्कांना सांगितलं तर म्हणाल्या, "दार उघडून नाही म्हणाली ना? परत जा. या वेळी भांडू नको." दुसऱ्यांदा तिने दार लावलं नाही, पण आत घेतलं नाही. तिसऱ्या वेळी डॉक्टरांचं न ऐकता अक्का माझ्याबरोबर आल्या. त्या बाहेरच्या पायरीवर बसल्या, पाणी मागून प्यायल्या. स्वप्ना दाराआडून बघत होती. तिच्या कानाला यंत्र नव्हतं. मग यादम्माच बोलायला लागली. मला विचारलं असतंत तर मीच सांगितलं असतं काय लिहायचं, ती म्हणाली. अक्कांनी विचारलं, काय सांगितलं असतंस? तर म्हणाली, लिहा की मी दोन बस बदलून येते आणि एक दिवस चुकवलेला नाही. लिहा की माझ्या मुलीला आता कुकरची शिट्टी कळते, ती पळत येऊन मला सांगते. नवऱ्याचं काही लिहू नका. तेलुगू लिपी मला येत नाही, म्हणून मी तिचे तेलुगू शब्द देवनागरीत उतरवून घेतले आणि तिला वाचून दाखवले. तिने दोन ठिकाणी सुधारलं.

त्यानंतरच्या सोमवारी स्वप्ना आली. सहा आठवडे गेले होते आणि जोडलेले शब्द बरेच निसटले होते. नसीमने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पोर परत बोलायला लागेपर्यंत मला धड जेवण गेलं नाही, हे खरं सांगते. यादम्माने सांगितलेला मजकूर पुढच्या वर्षी आम्ही तीन भाषांत छापला. माझ्या रडवणाऱ्या लेखाला जेवढी मदत आली, त्याच्या निम्मीही त्याला आली नाही. मी अक्कांकडे कुरकुर केली. "हौ, कमीच येणार," त्या म्हणाल्या. "मग जास्त दारं फिर."

शेवटची दोन वर्षं त्या घरातच होत्या, पण शनिवारचा वर्ग आता मी घेते, त्यात काय झालं ते सांगायला माझी हजेरी त्यांच्याकडे असायचीच. गेल्या महिन्यात गेले तर आवाज अगदी खाली गेला होता. तरी विचारलंच, "या महिन्यात किती जण नाही म्हणाले?" मी म्हटलं, चार. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "कमी आहेत. घरात बसूलालीस वाटतं." तीच आमची शेवटची भेट.

हा लेख लिहून झाला आणि पाठवण्याआधी, गेल्या रविवारी, मी तो घेऊन यादम्माकडे गेले. तिच्याविषयी लिहिलेलं तिला वाचून दाखवल्याशिवाय तो छापायला देणं आता माझ्याच्याने होणार नाही. माझं तेलुगू एव्हाना बरं झालंय. मी वाक्यावाक्याने सांगत गेले. यादम्माने दोन वाक्यं काढायला लावली, नावं बदललेलीच राहू देत म्हणाली, आणि नवऱ्याचं, सासरचं मात्र राहू दे, आता लोकांना कळलं तरी चालेल, असंही म्हणाली. स्वप्ना आता बारा वर्षांची आहे. ती समोर बसून माझ्या ओठांकडे बघत सगळं ऐकत होती. माझं वाचून झालं तेव्हा ती म्हणाली, "अक्का दंडं पेट्टारु. अदि रायलेदु." अक्कांनी हात जोडले होते, ते लिहिलेलं नाही.

नव्हतंच लिहिलं. त्या दिवशी पायरीवर पाणी पिऊन झाल्यावर अक्कांनी काळा चष्मा काढला, माझ्या आईच्या वयाच्या त्या बाईंनी यादम्मापुढे हात जोडले आणि म्हणाल्या, "तप्पु नादि." चूक माझी. हिला शिकवायचं काम माझं होतं, मी कमी पडले. मी शेजारीच उभी होते. नाही, चूक माझी आहे, असं मी तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. उलट मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. अक्का नंतर कधी त्याबद्दल बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही, आणि आता त्यांना सांगायची सोय उरली नाही. सहा वर्षांची पोर तेव्हा दाराआडून बघत होती, ऐकू येत नसताना.

मी काहीच बोलले नाही, म्हणून मला ऐकू आलं नसावं असं स्वप्नाला वाटलं. ती जरा पुढे सरकली आणि एकेक अक्षर सुटं करत, मोठ्याने म्हणाली, "रायंडि." लिहा.