काचेच्या कपाटातली मारबत

“हे आधी बाहेर ठेव. वास येतोय.”

मॅडम मला म्हणाल्या. भरल्या वर्गात. सगळे हसले. मी स्वतः बनवून आणलेली मारबत उचलली, संडासामागच्या व्हरांड्यात नेऊन ठेवली आणि मागच्या बाकावर येऊन बसले. मान वर करायची हिंमत नव्हती.

मोबाइल नुकते आले होते तेव्हाची गोष्ट. देवळीच्या रस्त्याला कॅथलिक फादरलोकांच्या विद्यापीठाचं केंद्र निघालं होतं. मी आंजी गावची, भाजीवाल्याची पोर. गेले कॉमर्स शिकायला. पण तिथे पदवी कुठलीही घ्या, तत्त्वज्ञान, नीतिशास्त्र आणि सर्जनशीलता सगळ्यांना सक्तीची. एकात अडकलात की पदवी नाही. आम्ही माणूस घडवतो, म्हणे.

सर्जनशीलतेच्या मॅडमनी सांगितलं होतं, मनातली पीडा हातांनी घडवा. पीडा म्हटल्यावर मला दुसरं काय सुचणार? आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. काळ्या, भेसूर बाईचा पुतळा. गावाची सगळी पीडा तिच्या अंगावर घालायची, ‘पीडा घेऊन जाय गे मारबत’ असं ओरडत वेशीबाहेर न्यायची, जाळायची. ठेवायची नाही. मी पळसाच्या फांद्या बांधल्या, आईचं जुनं लुगडं गुंडाळलं, चेहरा शेणमातीचा केला.

मॅडमनी शून्य दिलं. “यात तुझं काय आहे? तुमच्या गावात सगळे हेच करतात. तुम्हा लोकांना पाठ केलेलंच येतं.” शेजारच्या पोरानं बाजारातल्या मुखवट्याला रंग फासून आणला होता. तो मात्र धाडसी प्रयोग!

पुढे परदेशातून पाहुणे येणार असं ठरलं. तेव्हा मॅडमनी तीच मारबत व्हरांड्यातून आणवली, काचेच्या कपाटात उभी केली. मला बोलावून गोड आवाजात म्हणाल्या, “नऊवारी नेसून ये. कपाटाजवळ खाली बस. पाहुणे आले की तुमचं ते ओरडणं करून दाखव. पास करते.”

घरी सांगितलं. बाबा मेथीच्या जुड्या बांधत होते. म्हणाले, “एक दिवस ओरडून दे ना बाई. डिगरी हातात येऊन राह्यली, काऊन लाथाडतं?”

बाबांचा राग नाही आला. त्यांना असं बोलायला लावणाऱ्यांचा आला.

त्या दिवशी रोजचाच ड्रेस घालून गेले. कपाट उघडलं. मारबत खांद्यावर घेतली आणि पाहुण्यांमधून, केंद्राच्या मुख्य फादरांसमोरून चालत फाटकाबाहेर आले. काडी लावली. पोटातून ओरडले, “या वर्गातला माज घेऊन जाय गे मारबत! आम्हाले हसणारे दात घेऊन जाय गे मारबत!”

मागून टाळ्या पडल्या. पाहुणे फोटो काढत होते. त्यांना वाटलं, कार्यक्रमच आहे.

मॅडम हसत जवळ आल्या. “सुंदर! पूर्ण मार्क.”

अंगाची आग झाली. “नाटक नाई हे, मॅडम. तुमालेच म्हणत होती मी. मार्क देऊ नका.”

तरी त्यांनी चढवले. मी फादरांच्या खोलीत जाऊन उभी राहिले, उतरवा म्हणाले. उतरवेपर्यंत हलले नाही.

“बेटा, पदवी जाईल,” फादर म्हणाले.

गेली. तिच्यावाचून अडलं, फार अडलं. खोटं कशाला सांगू? चांगली नोकरी मिळाली नाही. बाबा बरेच दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. पण उद्या पुन्हा कोणी मला तसं बसवायला आलं, तर पुन्हा हेच करीन. मी दिलेल्या शिवीला कोणाच्या बापाला मार्क देऊ देणार नाही.