दीपलक्ष्मीचा उजवा हात

उधना स्टेशनवर उतरलो तेव्हा दीपलक्ष्मी माझ्या कडेवर होती आणि तिचा तुटलेला उजवा पंजा गाडीत राहिला होता. पोळ्यांच्या पिशवीत, रुमालात गुंडाळलेला. रिक्षा करून गाडीच्या मागे सुरत स्टेशन गाठले. पिशवी मिळाली. आत ना पोळ्या होत्या, ना पंजा.

ही हातभर उंचीची पितळी बाई सासूबाईंच्या सासरची, पाच पिढ्यांची. “ओरखडासुद्धा नाही,” असे त्या येईल त्याला सांगतात. आमच्याकडेच राहणाऱ्या सासूबाई आठ दिवस मुलाकडे गेल्या आणि मी मूर्ती चिंचेने घासायला काढली. ओल्या हातातून निसटली. शुक्रवारी त्या परतायच्या आत ती धडधाकट देवघरात हवी होती.

गुलाबदादा सासूबाईंच्याच गावचे. उधन्यात यंत्रमागाचे सुटे भाग बनवतात, पण जुन्या मूर्तींचे हरवलेले अवयव ओतून देण्यात त्यांचे नाव आहे.

“पाव्हना, हात कथा शे (कुठे आहे)?” मूर्ती बघून त्यांनी विचारले.

मी गाडीची हकिगत सांगितली. ते हसले नाहीत. आतून त्यांच्या बायको हसल्या आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) घेऊन आल्या. पहिला घास तोंडात होता, तेवढ्यात दादांनी करवत घेऊन त्याच उजव्या हाताचा उरलेला भाग कोपरापासून कापला. मनगटाची मोडतोड घेऊन आलेला मी, आता अर्ध्या हाताचा धनी झालो होतो.

दादांनी कोपराच्या आतली तीन बारीक टिंबे दाखवली.

“हाऊ हात जुना नही शे (हा हात मूळचा नाही).”

नवा भाग जोडला की सांध्याशी अशी खूण करायची, म्हणजे पुढचा कारागीर फसत नाही, ही त्यांच्या धंद्याची रीत. जोड पूर्वीचाच होता, म्हणून तिथूनच कापले. पाच पिढ्या, ओरखडा नाही!

दादांनी बायकोला समोर बसवले, हाती निरांजन दिले आणि तिची बोटे बघत मेणाचा हात घडवला. त्यावर माती लिंपली, तापवून मेण काढले, पितळ ओतले. दोन दिवस मी लोचो (वाफवलेल्या डाळीचा सैल पदार्थ) खात वाट पाहिली. हात असा बेमालूम बसला, की मी हळूच म्हणालो, टिंबे नका करू. सासूबाईंची नजर तीक्ष्ण आहे.

“टिंबं नहीत, ते हात नही (टिंबं नसतील, तर हातही नाही).”

टिंबांसकट परतलो. गुरुवारी देवघरात मूर्ती ठेवून बायकोला सगळे सांगितले. जुन्या हाताचे तर दबक्या आवाजात. तिला धक्का बसेल म्हणून पाण्याचा तांब्याही जवळ ठेवला होता. तो शेवटी मलाच लागला.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “नवी नवरी असताना आईच्या हातून पडली होती. बाबांनी गुपचूप हात करून आणला, आजीला कळू दिलं नाही. तुम्ही उद्या आईला खरं सांगून टाका. तिलाही जरा सोबत होईल.”