संध्याकाळी न दिसणारं दुखणं

त्या श्रावणात आमची देवी कानबाई घरात बसवली तेव्हा माझा तिच्यावर राग होता. हे मी कोणाला बोलले नाही. चौरंगावर नारळाची आई, तिला नथ, दागिने, पुढे दिवा. सगळ्या बायका गाणी म्हणत होत्या आणि मी हात जोडून मनात विचारत होते, तू आहेस तर माझ्या पूनमला सकाळी उठता का येत नाही?

पूनम तेव्हा पंधरा वर्षांची होती. कंबर दुखते म्हणायला लागून वर्ष होत आलं होतं. सकाळी तिला कुशीवर वळवून, हाताला धरून बसतं करावं लागायचं. मग भिंत धरून म्हातारीसारखी मोरीपर्यंत जायची. हळूहळू अंग मोकळं व्हायचं आणि संध्याकाळी तीच पोरगी गल्लीत मैत्रिणींबरोबर हिंडायची. आमच्या गोडादरा वस्तीत घरोघरी साड्यांवर खडे चिकटवायचं काम चालतं. वाकून बसून सगळ्याच बायकांची कंबर धरते. त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही. शाळा बुडायला लागली तेव्हा घरचेच तिला आळशी म्हणू लागले.

तिचे पप्पा कापडाच्या लूमवरून सुटले की तिला दवाखान्यात न्यायचे. आमच्याकडे सगळे संध्याकाळीच जातात. तोवर ती धडधाकट चालायची. डॉक्टर वाक म्हणाले की वाकायची. फोटो काढला, त्यात काही निघालं नाही. आराम करू द्या, म्हणाले. पप्पाच सगळं बोलायचे, मी पदर धरून मागे उभी. परक्या माणसापुढे माझ्या तोंडातून शब्द निघत नाही. आराम दिला तर पोरगी आणखीच आखडली. मला कळेना, खरं काय. कधी कधी मलाही वाटायचं, ही सोंग तर करत नसेल?

विसर्जनाला कानबाई डोक्यावर घेऊन आम्ही तापीकडे निघालो. वाजंत्री लागली तशी पोरी फुगड्या खेळू लागल्या, पूनमही खेळली. मोठ्या जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सकायले हिले उठता येत नही, आनि आते फुगडी कशी जमस व माय? नुसतं नाटक शे."

घाटावर गर्दी होती. आमची पाळी येईपर्यंत पायरीवर बसलो. उठायची वेळ झाली आणि पूनमला उठता येईना. गुडघ्यावर हात टेकून ती अर्धी वाकलेली तशीच राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जाऊबाई म्हणाल्या, "झालं सुरू!"

शेजारी दुसऱ्या एका घरची कानबाई घेऊन एक बाई बसली होती. माझ्याहून थोरली. ती सगळं बघत होती. तिने पूनमला विचारलं, "पोरी, टाच दुखते का? डोळा मधूनच लाल होतो?" पूनमने दोन्हीला हो म्हटलं. टाचेचं तर मलाही ठाऊक नव्हतं.

बाई माझ्याकडे वळली. "माझ्या भावाचं असंच होतं. बसला की आखडायचा, चालला की मोकळा. आम्ही आळशी म्हणून म्हणून त्याला हैराण केलं. आता त्याची पाठ फळीसारखी झाली. मागून हाक मारली तर अख्खा वळतो."

मी म्हटलं, "ताई, डॉक्टर म्हणतात काही नाही."

"संध्याकाळी नेता ना? सकाळी ने. आखडलेली असताना ने. हाडांच्या नाही, सांध्यांच्या डॉक्टरकडे. आणि बाई, तू बोल. सकाळी तिला तू उठवतेस."

तेवढ्यात आमची पाळी आली. पाण्यातून वर आले तेव्हा ती तिथे नव्हती.

मग एका सकाळी, ती आखडलेली असतानाच, तिला रिक्षाने मोठ्या दवाखान्यात सांध्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" पूनमचे पप्पा बोलणार इतक्यात मीच बोलायला लागले. सकाळचं उठवणं, टाच, डोळा, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी मध्ये थांबवलं नाही. रक्त तपासलं, मशीनमध्ये घालून कमरेचा फोटो काढला. मणक्याचा संधिवात निघाला. आतून सूज होती, साध्या फोटोत ती दिसत नव्हती. डॉक्टर म्हणाले, हा जन्मभराचा आजार आहे. औषध आणि रोजचा व्यायाम सोडायचा नाही. उजव्या खुब्याची झीज झाली ती भरून येणार नाही, पण पाठ वाचवू शकतो. घरी येऊन पूनमने एवढंच विचारलं, "मम्मी, मग मी नाटक नव्हते करत ना?" मी तिला पोटाशी धरून बसले.

यंदा मिरवणुकीत पूनम चालली, फुगडी खेळली नाही. जाऊबाई तिच्या चालीने चालल्या. घाटावर मी त्या बाईला खूप शोधलं, दिसली नाही. ती कोण होती याचा मी विचार करत नाही. मी कानबाई आईशी रागाने बोलले होते, तरी तिने माझ्या शेजारी कोणाला तरी बसवलं, एवढं मला पुरतं.

अजून काही सकाळी फार वाईट जातात. आधी मी दिव्यापुढे म्हणायचे, हिला बरी कर. आता म्हणते, तुझी आहे, तू सांभाळ. परवा उठवायला गेले तर पूनम म्हणाली, "मम्मी, हात नको धरू. बघू दे मला." मी हात सोडला आणि आईचं नाव घेत तिथेच उभी राहिले. तिला वेळ लागला, पण ती उठली.