बाबांचा खालचा ओठ

बाबांच्या जबड्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी मी इतकी थकले होते, की परतीच्या एसटीत चंद्रपूर सुटायच्या आत डोळा लागायचा आणि मूल शहराच्या स्टँडवर कंडक्टर उठवायचा. मग पुढे गावापर्यंत ऑटो, घरी गेल्यावर स्वयंपाक. बाबा मात्र सहलीला जाऊन आल्यासारखे.

खालच्या दाढेच्या मुळाशी गाठ धरली होती. गाठ साधीच, पण ओठाची नस तिला चिकटून गेलेली. नस दुखावली तर खालचा ओठ कायमचा बधिर होईल, डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या कोणाचं त्यानं एवढं अडलं नसतं. बाबा तलावात जाळं फेकणारे. जाळ्याची एक कड दातांत धरायची, अंगाला झोका द्यायचा आणि नेमक्या क्षणी सोडायची. तो क्षण ओठाला समजतो, असं ते सांगत. चुकला तर जाळ्याच्या कडेला वजनासाठी ओवलेले शिशाचे मणी दात घेऊन जातात.

डॉक्टरांनी आम्हाला यंत्र दाखवलं. जाड पेनाएवढं, त्याचं टोक इतक्या वेगानं थरथरतं की तो आवाज माणसाच्या कानाला येत नाही. त्यांनी ते कच्च्या अंड्यावर टेकवलं. कवच कापलं गेलं, आतला पातळ पापुद्रा जसाच्या तसा राहिला. कडक हाड त्या थरथरीनं कापलं जातं, मऊ नस तिच्यासोबत हलते म्हणून वाचते, ते म्हणाले. मेंदूतल्या गाठींसाठी याच जातीचं दुसरं यंत्र असतं, ते उलटं वागतं. पाण्यानं भरलेलं मऊ मांस फोडून ओढून घेतं आणि चिवट रक्तवाहिन्या सोडून देतं. मी जीव मुठीत धरून ऐकत होते. बाबांचं लक्ष अंड्यावर.

"आता या अंड्याचं का करता जी?" त्यांनी विचारलं.

ऑपरेशन नीट झालं. नस शाबूत होती, पण दबल्यामुळे बधिर झाली होती. जाग यायला काही महिने लागतील, असं डॉक्टरांनी सांगितलं. दर खेपेला ते बाबांना डोळे मिटायला लावून ओठावर कापूस फिरवत.

"समजतं का?"

"समजते नं साहेब."

आता यायची गरज नाही, असं सांगून डॉक्टरांनी सुट्टी दिली. मी देवाचे आभार मानले. दुसऱ्या दिवशी जेवताना बाबांच्या ताटातल्या भातावर रक्त टपकलं. ओठ चावला गेला होता आणि त्यांना पत्ताच नव्हता.

"मंग डॉक्टरले समजते म्हून काऊन सांगत होते?" मी ओरडले.

"त्या मानसानं येवढी मेहनत केली. त्याच्या तोंडावर नाई कसं म्हनू?"

आमच्याकडे पाहुणा भाजीत मीठ नसलं तरी छान झाली म्हणतो. बाबांनी ऑपरेशनही त्याच हिशेबात धरलं होतं. मला हसू यायला हवं होतं, पण मी चुलीपुढे बसून रडले. पुन्हा एसटी, पुन्हा दवाखाना. ओठ जागा होईपर्यंत जाळं दातांत धरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मी जाळं आढ्याला टांगून टाकलं. बाबा रोज तलावाच्या पाळीवर बसून दुसऱ्यांची जाळी पाहायचे.

मग रोज सकाळी मीच कापूस घेऊन बसू लागले. पण त्यांच्या 'हो'वर विश्वास कसा ठेवायचा? म्हणून मी मधूनच कापूस न लावताच विचारायचे, "समजलं?"

"समजलं नं माय," डोळे मिटलेले बाबा म्हणायचे. मी कापूस ठेवून कामाला लागायचे. असं किती दिवस चाललं, आता आठवत नाही.

एका सकाळी मी पुन्हा तसंच केलं. हात मांडीवर, कापूस हातात.

"समजलं?"

बाबांनी जिभेनं ओठ चाचपला.

"नाई," ते म्हणाले. "तू लावलाच नाई."

मी कापूस हलकेच ओठाला टेकवला.

"हं. आता लावला."

मी स्टुलावर चढून जाळं खाली काढलं. मग ते मांडीवर घेऊन मी तिथंच खाली बसले. उठायचं त्राणच उरलं नव्हतं.