खोक्यावरचं वजन

आमच्या कोल्हापुरात कॅमेऱ्याचं सामान विकणारा एक माणूस आहे. त्याच्या गल्ल्याशेजारी किराणा दुकानातला वजनकाटा असतो. गिंबल, म्हणजे चालत शूटिंग करताना कॅमेरा हलू नये म्हणून धरतात तो दांडा, मागितला की तो आधी तुमचा कॅमेरा काट्यावर ठेवतो. मग लेन्स, बॅटरी, माईक, सगळं मागून घेतो. बोलताना तुमच्या तोंडाकडं नाही, मनगटाकडं बघतो.

लग्नाच्या शूटिंगसाठी मी हलका, स्वस्तातला गिंबल पसंत केला होता. किती वजन पेलतो तो खोक्यावरचा आकडा दाखवून म्हणालो, "माझा कॅमेरा बसतोय की यात."

"पावणं, खोक्यावरचं वजन म्हंजे स्थळाच्या बायोडाट्यातला पगार. निम्माच धरायचा."

त्यानं मोठा गिंबल काढला, माझा कॅमेरा चढवला आणि माझ्या हातात दिला. "हात लांब करून धरा. तेवढ्यात च्या सांगून येतो."

चहा सांगायला तो बहुतेक पन्हाळ्याला गेला असावा. परत आला तेव्हा कॅमेरा शांत होता, मी लटपटत होतो.

"गिंबल पास हाय," तो म्हणाला. "तुमी नापास." गिंबल त्यानं खोक्यात परत भरला. "म्हैनाभर तालमीत जावा, मग या."

चिडत चिडतच दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या गल्लीतल्या तालमीत गेलो. तिथं तिघं जण घामाघूम होऊन मुद्गल फिरवत होते. तिघंही आमच्यातलेच, लग्नाचं शूटिंग करणारे.

 एकानं सरकून मला जागा करून दिली.