मार्चमधलं बेट

हॅनोव्हरहून विमान सुटलं तेव्हा धावपट्टीच्या कडेला बर्फ होता आणि माझ्या पिशवीत सहा दिवसांचं छापील वेळापत्रक. आमच्या ऑफिसात ऑक्टोबरातच पुढच्या वर्षीचा उरलाउब्सप्लान (रजांचा तक्ता) भरून द्यावा लागतो. मी मार्चमधला एक आठवडा लिहिला होता. नवऱ्याला काम होतं. म्हणून इकडून मी आणि माझी आठ वर्षांची मुलगी मीरा, नागपूरहून माझे वडील आबा, आणि भेट थायलंडच्या एका बेटावर. आबांनी जन्मभर भूगोल शिकवला, पण समुद्रात पाय कधी बुडवला नव्हता.

नोव्हेंबरात त्यांनी फोनवर विचारलं होतं, “थोडं आधी नाही जमणार का?”

“काळ्या दगडावरची रेघ आहे, आबा,” मी हसत म्हणाले होते.

आबा आमच्या आधी पोचले होते. स्वागतकक्षात वेताच्या खुर्चीत बसलेले दिसले. शर्ट तोच, आत माणूस अर्धा.

“जय भीम, बेटा. प्रवासानं थकलो जरा,” ते म्हणाले. मी विश्वास ठेवला. मला तो ठेवायचाच होता.

रिसॉर्ट टेकडीच्या उतारावर, झाडीत लपलेलं. बॅटरीवरच्या गाडीनं वर नेलं. खोलीपुढे लाकडी गच्ची, तिला लागून आमच्यापुरता पोहण्याचा तलाव, आणि खूप खाली निळा-हिरवा समुद्र. फोटोवर भाळून सगळ्यात वरची खोली मीच निवडली होती. किनाऱ्यावर उतरायला शेवटी ऐंशी पायऱ्या आहेत आणि तिथे गाडी जात नाही, हे वाचायला मात्र विसरले. एवढी हुशार मी!

न्याहारीला टेबलं भरलेली असत : पपई, मासे, कितीतरी प्रकारचे पाव. आबा फक्त खाओ तोम (भाताची पातळ पेज) घेत, तीही अर्धी वाटी. वाढणारी बाई दुसऱ्या दिवसापासून न विचारताच आणून ठेवू लागली. तिच्या लक्षात आलं होतं, माझ्या नाही.

चौथ्या दिवशी मीरानं त्यांचा हात ओढला. “आबा, कोम! दास मेर!” (चला! समुद्र!) तिला मराठी कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं.

“येतो ना गं,” म्हणत आबा उतरू लागले. अकराव्या पायरीवर पोट दाबून खाली बसले.

तिथेच त्यांनी सांगितलं, वर्गात शिकवावं तसं, शांतपणे. नोव्हेंबरात पोटात गाठ सापडली होती. डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन करू, मग काही महिने प्रवास बंद.

“मग?”

“मी म्हटलं, मार्चनंतर करू.”

“मला सांगायचं होतं ना, आबा!”

“तूच तर म्हणाली, तुझी रजा बदलत नाही म्हणून.”

“आता काय म्हणतात डॉक्टर?”

“आता ते ऑपरेशनचं काही बोलत नाहीत.”

उरलेले दोन दिवस आबा गच्चीतच बसले. मीराला भरती-ओहोटी समजावत होते, मराठीत. ती जर्मनमध्ये शंका विचारत होती. त्यांचं छान चाललं होतं. मी न्हाणीघरात नळ सोडून रडून घेत होते.

समुद्राला पाय न लावताच आबा मुंबईच्या विमानात बसले. मीही ठरल्या दिवशीच परतले. तेव्हाही तक्ताच पाळला, याची आज लाज वाटते.

सोमवारी ऑफिसात वरिष्ठ बाईंपुढे उभी राहिले. वडील आजारी आहेत, रजा हवी आहे, पण तक्त्यात नाही, असं चाचरत सांगितलं.

“आल्झो (मग काय), आजच निघा,” त्या म्हणाल्या. “अशा वेळी तक्ता कोण बघतं? कधीपासून आजारी आहेत?”

“नोव्हेंबरपासून.”

“मग तेव्हाच का नाही विचारलंत?”

दहा वर्षांत मी कधी विचारूनच पाहिलं नव्हतं.