देवाला दिलेला होकार

आबामामा गेल्याची बातमी घेऊन शिरोड्याचा माणूस दारात आला, तेव्हा मी तुळशीला पाणी घालत होते. तो उभा राहिला माझ्या डाव्या बाजूला, त्यामुळे मला काहीच ऐकू गेलं नाही. बिचाऱ्याला तेच पुन्हा सांगावं लागलं... लहानपणी गोवर आला तेव्हापासून माझा डावा कान गेलेला. मामा कधी या बाजूला उभे राहिले नसते, हेच पहिलं मनात आलं.

आबामामा म्हणजे माझ्या आईचे भाऊ. बांधाचं भांडण असो की रापणीच्या जाळ्यातल्या मासळीची वाटणी, मध्यस्थीला गाव त्यांनाच बोलवी. बोलण्याआधी ते क्षणभर डोळे मिटून बसत. एकदा मी विचारलं, "मामानू, देवाकडे काय मागतास?" तर म्हणाले, "समोरच्याचा बरा मागतंय गो. आपला मागूक सगळेच आसत."

एकोणीसशे पन्नास साल नुकतंच उलटलं होतं. कानापायी माझी दोन स्थळं मोडलेली. तिसऱ्या बैठकीआधी बाबांनी मामांना बजावलं, "कानाचा नाव काढू नुको हां. एकदा अक्षता पडल्यो की कोण कान बघता?" मामा नुसते हसले. बैठकीत नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचं काम त्यांचंच. "बा देवा म्हाराजा, ही दोन घरां तुझ्या पायाकडे जमली आसत, तेंका बरी बुद्धी दी म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात. "आमच्या चेडवाक डाव्या कानान ऐकाक येणा नाय, ह्या ठावक होवनच ही सोयरीक जुळूंदे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" मुलाकडचेही ओरडले... सवयीनं! आणि मग कळलं तशी एकमेकांची तोंडं बघू लागले!

बाबा मात्र महावस्ताद. "देवासमोर व्हय म्हटलास! आता मागे सरूक येवचा नाय!" मुलाचे काका लालबुंद झाले. मामांनी हात वर केला. "तो व्हय सवयीचो. तेका धरून आमी पोर देवची नाय. घराक जावा, इचार करा, मगे काय ता सांगा." नारळ तसाच राहिला आणि मंडळी वहाणा घालून चालती झाली.

मी माजघरातून बाहेर आले ती कडाडतच. "सख्खो मामा वैरी झालो!" मामा शांतपणे माझ्या उजवीकडे येऊन बसले. "तुझ्या घोवाक कान पयल्याच दिवशी कळतलो. मगे जलमभर तू खंयच्या तोंडान बोलशीत?" माझं रडू थांबेना.

पुढच्या बाजाराच्या दिवशी काका परत आले, सोबत खुद्द मुलगा. काका मामांना म्हणाले, "हातात इलेलो व्हय जो परत देता, तेच्या घरात खोट नाय." मुलानं एवढंच विचारलं, "उजव्या कानान येता मां ऐकाक?" सगळं घर हसलं. तेच आमचे हे. नारळ त्या दिवशी फुटला, आणि पुढं आयुष्यभर मला घरात काही लपवावं लागलं नाही. एवढं मोठं देणं कुठल्या मामानं दिलं असेल?

परवा शिरोड्याला गेले. पडवीतल्या त्यांच्या बाकड्यावर नेहमीसारखी डाव्या टोकाला टेकले, उजवीकडे त्यांच्यापुरती जागा सोडून. मामी समोर उंबऱ्यात बसलेल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मधी सरान बस गो. बाकडो रिकामोच आसा आता..." चांगलं ऐकू आलं मला. तरी मी सरकले नाही.